बरणी कोण उघडणार?

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यापासून सुमारे ३५० किलोमीटर दूर, भर अटलांटिक महासागरात फर्नांडो दि नोरोन्या नावाची ज्वालामुखीतून वर आलेली बेटं आहेत. तिथे खडकांवर, घरांच्या आवारात, पर्यटकांच्या पायांशी सगळीकडे एक सापसुरळी वावरताना दिसते. जगात ती फक्त याच बेटांवर आहे. माणसाला ती बुजत नाही, जेवणातले सांडलेले कण वेचायला जवळ येते. आपल्या पांगाऱ्याच्याच वंशातलं मुलुंगू नावाचं एक झाड तिथे आहे. कोरड्या दिवसांत ते फुललं की ही सापसुरळी उंच फांद्यांपर्यंत चढते आणि फुलात तोंड खुपसून मध चाटते. तिच्या खवल्यांना चिकटलेले परागकण पुढच्या फुलावर जातात. परागीभवन करणारा सरपटणारा प्राणी फार क्वचित बघायला मिळतो, आणि इथे तो पायवाटेवर भेटतो.

ही सापसुरळी काही कोपऱ्यात दडून राहिलेली नव्हती. अमेरिगो व्हेस्पुची यांच्या नावावर असलेल्या १५०३ च्या सफरीच्या वृत्तांतात इथल्या दोन शेपट्यांच्या सरड्यांचा उल्लेख आहे. सापसुरळीची शेपूट अर्धवट तुटली की कधीकधी जखमेतून दुसरी फुटते, तेच खलाशांनी बघितलं असणार. म्हणजे युरोपीय माणूस या प्राण्याला पाचशे वर्षं ओळखतो. आणि तरीही त्याचं शास्त्रीय नाव काय, याचा नीट निकाल लागायला २००२ साल उजाडावं लागलं. तो उशीर का झाला, हे मला तपशिलात सांगायचं आहे. कारण उशिराचं कारण जंगलात नव्हतंच, ते संग्रहालयाच्या फडताळात होतं. आणि तशी फडताळं आपल्याकडेही आहेत.

१८३९ साली ब्रिटिश म्युझियममधले जॉन एडवर्ड ग्रे यांनी एकाच लेखात दोन सापसुरळ्यांना नावं दिली. एक टिलिक्वा पंक्टाटा, नोरोन्याची. दुसरी टिलिक्वा मॅक्युलाटा, तिच्या बरणीवर ठिकाण होतं दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं डेमरारा, म्हणजे आजचं गयाना. पुढच्या लोकांनी या दोन्ही एकच मानल्या. १९०० साली स्वीडनच्या अँडरसन यांच्या लक्षात आलं की पंक्टाटा हे नाव शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियस यांनी १७५८ सालीच दुसऱ्या एका सरड्याला देऊन ठेवलं आहे. नियमाप्रमाणे जुन्या नावाचा हक्क पहिला, म्हणून त्यांनी नोरोन्याच्या सापसुरळीला ग्रे यांचं दुसरं नाव, मॅक्युलाटा, लावलं. १९३१ साली बर्ट दांपत्याने अँडरसन यांचा उल्लेखही न करता पंक्टाटा परत आणलं. १९३५ साली डन यांनी ते खोडून पुन्हा मॅक्युलाटा केलं. डन यांचं लिखाण नजरेतून सुटल्यामुळे १९४५ साली शिकागोच्या कार्ल पॅटरसन श्मिट यांनी या प्राण्याला वैध नावच नाही असं समजून अटलांटिका हे नवं नाव दिलं. तीनच वर्षांत ब्राझीलच्या त्रावासोस यांनी ते रद्द ठरवून पुन्हा मॅक्युलाटा चालू केलं, आणि पुढची कित्येक दशकं तेच चाललं.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट कुणीच केली नाही. ग्रे यांनी ज्या प्राण्यांवरून नावं दिली होती, ते प्राणी लंडनमध्ये स्पिरिटमध्ये ठेवलेले होते. १८८७ साली ब्रिटिश म्युझियमच्या बूलेंजर यांनी दोन्ही एकच ठरवल्यानंतर ते बाहेर काढून कुणी बघितलेच नाहीत. २००२ साली माउसफेल्ड आणि व्हर्सिब्राडिक या दोघांनी ते बघितले. दोन्ही नमुने मुख्य बाबींत वेगळे निघाले. मॅक्युलाटा ही नोरोन्याची सापसुरळी नव्हतीच. पंक्टाटा लिनियसमुळे बाद, मॅक्युलाटा दुसऱ्याच प्राण्याचं, म्हणून श्मिट यांचं अटलांटिका हेच नाव खरं ठरलं. त्यांचं टिपण चार पानांचं आहे. चार पानांचं काम ११५ वर्षं पडून होतं.

हे काम कसं करतात ते सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला त्याची कल्पना नसते. नमुना पाण्याने हलकेच धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. बारीक सुईच्या टोकाने शरीराच्या मध्यावर, पोटापासून पाठीवरून पुन्हा पोटापर्यंत, खवल्यांच्या रांगा मोजतात. मग मागच्या पायाचं चौथं बोट उलटं करून त्याच्या तळाशी असलेल्या आडव्या पट्ट्या मोजतात. पाठीच्या प्रत्येक खवल्यावर उभे कंगोरे किती, डोक्यावरची अमुक दोन खवली एकमेकींना टेकतात की मध्ये फट आहे, खालच्या पापणीत पारदर्शक खिडकी आहे की नाही, हे बघतात. एक आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मान अवघडते, डोळ्यांना पाणी येतं. सापसुरळ्यांचं अंग गुळगुळीत, ठेवण एकसारखी, आणि रंग स्पिरिटमध्ये उडून जातो, त्यामुळे याशिवाय दुसरा मार्ग नाही. हे कौशल्य हाताखाली शिकावं लागतं आणि शिकवणारा माणूस निवृत्त झाला की बरोबर निघून जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. प्राण्याचं नाव ठरवणं हे चार तज्ज्ञांचं खाजगी वेड नाही. रस्ते, पाणीपुरवठा, जमिनीची मोजणी यांच्यासारखं ते सार्वजनिक काम आहे, आणि सरकारने त्यासाठी कायमची माणसं, जपलेले नमुने आणि त्या नमुन्यांपर्यंत पोचायची वाट दिली पाहिजे. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीला नाव दिलं जातं, तो नमुना म्हणजे त्या जातीचा सातबारा. वाद कितीही पिढ्या चालू द्या, शेवटी उतारा काढूनच बघावा लागतो. तो जपला नाही, किंवा जपूनही कुणाला बघू दिला नाही, तर वादाचा निकाल लागत नाही आणि दरम्यान जमीन भलत्याच्याच नावावर चढलेली असते.

नोरोन्याच्या बाबतीत हेच झालं होतं. मॅक्युलाटा या नावाने जगातल्या एकाच द्वीपसमूहावरचा प्राणी आणि गयानाचं लेबल असलेला प्राणी एकत्र बांधले गेले. कागदावर बघणाऱ्याला वाटणार, मुख्य भूमीवरही आहे की हा, बेटावरचा गेला तरी फार बिघडत नाही. प्रत्यक्षात त्या बेटांवर माणसाने नेलेली मांजरं आहेत, उंदीर आहेत, मुख्य भूमीवरून आणून सोडलेला तेगू नावाचा मोठा सरडा आहे, आणि हे सगळे त्या सापसुरळीवर ताव मारतात. बेटांचा परिसर २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. वारसा जपायचा तर त्यात नेमकं काय आहे हे आधी माहीत हवं.

आता मॅक्युलाटाचं काय झालं ते बघा. ती ज्या वंशात बसते तो ट्रॅकिलेपिस वंश जवळजवळ सगळा आफ्रिका आणि मादागास्करचा आहे. मग तिच्या बरणीवर डेमरारा कसं लिहिलं गेलं? लेबलच चुकलं असावं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तिसरी गोष्ट आणखी चक्रावून टाकणारी आहे. स्विस निसर्ग-अभ्यासक योहान याकोब फॉन टशुडी १८३८ ते १८४२ या काळात पेरूमध्ये हिंडले आणि १८४५ साली त्यांनी एका सापसुरळीचं वर्णन प्रसिद्ध केलं. नमुना एकच. ठिकाण पेरूच्या पूर्वेकडचं अमेझॉनचं जंगल. २००९ साली तो नमुना पुन्हा तपासला गेला आणि त्या जातीला ट्रॅकिलेपिस टशुडी असं नाव मिळालं. ती नोरोन्याच्या सापसुरळीसारखीच दिसते, कदाचित तीच असेल. तसं असेल तर समुद्रातल्या बेटावरचा प्राणी अमेझॉनच्या नावावर लागला आहे. तसं नसेल तर पेरूच्या जंगलात आफ्रिकी वंशाची एक सापसुरळी आहे आणि ती पुन्हा कुणाच्या हाती लागलेली नाही. या दोन शक्यतांमध्ये एक सबंध महासागर पसरलेला आहे, आणि निकाल अडलाय तो बोटभर कागदाच्या चिटोऱ्यावर. कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणी पकडला, किती उंचीवर, कशाच्या खाली: हे त्याच दिवशी, त्याच जागी, न पुसणाऱ्या शाईने लिहिलं नाही तर पुढच्या दीडशे वर्षांची मेहनत वाया जाते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की आता डीएनए आहे, बरण्या कशाला? डीएनएचं महत्त्व मी तसूभरही कमी करत नाही. नोरोन्याची सापसुरळी अमेरिकेतल्या शेजाऱ्यांची नसून आफ्रिकेच्या सापसुरळ्यांची नातलग आहे, हे २००२ सालीच मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून नक्की झालं. तिचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वाहून आलेल्या झाडझाडोऱ्यावर बसून, पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाहांबरोबर तिथे पोचले असणार. एवढं मोठं सत्य खवले मोजून कळलं नसतं. पण त्या डीएनएने नातं सांगितलं, नाव सांगितलं नाही. नाव ग्रे यांच्या बरणीतल्या प्राण्याला जोडलेलं आहे आणि जुन्या स्पिरिटमधल्या प्राण्यातून वापरता येईल असा डीएनए मिळेलच याची खात्री नसते. शिवाय डीएनएच्या सार्वजनिक साठ्यात जो क्रम जमा होतो, त्यावरचं नाव कुणीतरी प्राणी ओळखूनच घातलेलं असतं. ती ओळख चुकली आणि ज्याचा क्रम काढला तो प्राणी जपून ठेवलेला नसला, तर ती चूक शोधायची कशी? यंत्र वेगाने चालतं, पण चुकीचं नावही तितक्याच वेगाने पसरतं.

याच प्रकरणाचा एक धागा थेट आपल्या अंगणात येतो. लिनियस यांनी १७५८ साली ज्या सरड्याला पंक्टाटा म्हटलं, तो कोण? अँडरसन यांना वाटलं तो आफ्रिकेतला. युप्रेपिस हे वंशनाम लिनियसच्या त्याच सरड्याशी बांधलेलं होतं, म्हणून त्यावर विसंबून २००२ साली आफ्रिकेच्या डझनावारी जातींना ते लावलं गेलं. २००३ साली अ‍ॅरन बाउअर यांनी दाखवून दिलं की लिनियसचा तो प्राणी आशियातला आहे. म्हणजे आपली ठिपक्यांची सापसुरळी, जी महाराष्ट्रात कुंड्यांखाली, पालापाचोळ्यात, विटांच्या ढिगात सापडते, जिच्या पिल्लांची शेपूट लालभडक असते आणि जिला सापाची मावशी म्हणून लोक विनाकारण झाडूने मारतात. ती विषारी नाही, कुणाला इजा करत नाही. तिची ओळख पटताच आफ्रिकेच्या त्या साऱ्या जातींचं वंशनाम बदलून ट्रॅकिलेपिस करावं लागलं. आपल्या सापसुरळीचं स्वतःचं वंशनामही स्थिर राहिलं नाही. वर्षानुवर्षं ती लायगोसोमा होती, २०१९ साली त्या मोठ्या वंशाची फोड झाली आणि ती रायोपा पंक्टाटा झाली. गोव्याच्या नावाची रायोपा गोएन्सिस, जिचं वर्णन भारतीय प्राणी सर्वेक्षणच्या आर. सी. शर्मा यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलं, तीही याच फेरमांडणीतून गेली.

इथे दुसरा आक्षेप पुढे येतो. नावं सारखी बदलत असतील तर या शास्त्रावर विश्वास कसा ठेवायचा? वनाधिकारी विचारतात, शिक्षक विचारतात, आणि त्यांचा वैताग मला पटतो. जुनं पुस्तक उघडलं की एक नाव, नवीन उघडलं की दुसरं. पण प्रत्येक बदलामागे काय कारण होतं ते बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. आधीच्या माणसाचं लिखाण न वाचणं, मूळ नमुना न बघणं, लेबलावर आंधळा विश्वास टाकणं, यातून झालेले बदल म्हणजे निव्वळ नासाडी. आणि नवा पुरावा हाती आल्यावर झालेला बदल म्हणजे प्रगती. पहिल्या प्रकारचे बदल कमी करायचे असतील तर या कामावर जास्त माणसं, जास्त वेळ आणि जास्त पैसा लागेल. अस्थिरतेचा दाखला देऊन या शास्त्राचा निधी आटवणं म्हणजे दुखण्याचं कारण सांगून औषध बंद करणं.

नावाकडे दुर्लक्ष केलं तर काय किंमत मोजावी लागते, हे कॅरिबियन बेटांनी दाखवलं आहे, आणि त्या गोष्टीत भारतही आहे. १८७२ साली जमैकातल्या एका ऊसमळ्याच्या मालकाने उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी भारतातून नऊ मुंगूस मागवले. त्यांची वीण वाढली, मग ते एकेक बेटावर नेले गेले. मुंगूस दिवसा शिकार करतो आणि सापसुरळीही दिवसाच उन्हात बसते. जमिनीवरच्या सापसुरळ्या संपत गेल्या. पण त्या काळात आणि नंतरही बहुतेक बेटांवरच्या सापसुरळ्या माबुया या वंशातल्या मोजक्या नावांखाली एकत्र कोंबलेल्या होत्या, त्यामुळे एका बेटावरून त्या गेल्या तरी दुसरीकडे आहेत असा समज राहिला. २०१२ साली हेजेस आणि कॉन यांनी संग्रहालयांतले नमुने पिंजून काढले आणि २४ नव्या जातींचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यातल्या कित्येक नामशेष झाल्या असाव्यात किंवा त्या वाटेवर असाव्यात, असं त्यांनीच नोंदवलं. ज्या दिवशी जातीला नाव मिळालं, त्याच दिवशी तिच्या जाण्याची नोंद करावी लागली.

त्यांनी केलेली फोड सगळ्यांना मान्य नाही. त्यांनी पाडलेले अनेक नवे वंश इतर अभ्यासकांनी पुन्हा एका माबुयात घातले, काही जाती खरोखर वेगळ्या आहेत का यावरही वाद आहे. अशा वेळी सरकारं सोयीचं उत्तर देतात: आधी तुमचा वाद मिटू द्या, मग बघू. मला हे उत्तर अजिबात मान्य नाही. एका बेटावरचा, एका डोंगररांगेवरचा प्राणी इतरांपासून तुटलेला आहे आणि झपाट्याने कमी होतो आहे, एवढं कळलं तरी त्याला राखायला पुरेसं आहे. जातीचा दर्जा नंतर ठरो. वाद मिटेपर्यंत थांबायचं असेल तर बरणीतल्या प्राण्याखेरीज हाती काही उरणार नाही. म्हणून नाव ठरवण्यासाठी पैसा आणि नाव ठरेपर्यंत संरक्षण, या दोन्ही मागण्या एकाच वेळी करायला हव्यात. त्यांत विरोध नाही.

आता आपल्या राज्याकडे येतो. नोरोन्याच्या सापसुरळीला अटलांटिका हे नाव देणारे श्मिट यांनी त्याआधी १९ वर्षं, १९२६ साली, आणखी एका सापसुरळीला नाव दिलं होतं: माबुया आलापल्लेन्सिस. हे आलापल्ली म्हणजे आपलं गडचिरोलीतलं, सागवानासाठी प्रसिद्ध असलेलं. तेव्हा तो चांदा जिल्हा होता, मध्य प्रांतात. शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी निघालेली रूझवेल्ट बंधूंची मोहीम १९२५-२६ मध्ये तिथे आली होती आणि तिच्यातून गेलेल्या नमुन्यावरून श्मिट यांनी हे नाव दिलं. आशियातल्या माबुया वेगळ्या काढल्या गेल्यावर तिचं वंशनाम युट्रोपिस झालं. युट्रोपिस म्हणजे आपल्याला गवतात, बांधावर, पायऱ्यांवर ऊन खाताना दिसणाऱ्या तपकिरी, चकचकीत सापसुरळ्या. यातल्या अनेक जाती एकमेकींसारख्या दिसतात, आणि मॅक्युलारिया (वरची मॅक्युलाटा नव्हे) या एकाच नावाखाली एकाहून जास्त जाती दडलेल्या असाव्यात असा अभ्यासकांचा कयास आहे. या वंशाचे पूर्वज आग्नेय आशियातून इथे आले आणि इथेच त्यांच्या नव्या जाती निपजल्या, हे २०१२ साली अनिरुद्ध दत्ता-रॉय, प्रवीण करंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे मुळापासून शोधायला बसावं अशी ही गोष्ट आपल्या घरची आहे. आणि गडचिरोलीच्या नावाच्या सापसुरळीचा मूळ नमुना मात्र शिकागोत आहे.

श्मिट यांचा शेवट इथे सांगितलाच पाहिजे. २५ सप्टेंबर १९५७ रोजी शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयातून त्यांच्याकडे एक आफ्रिकी साप ओळखण्यासाठी आला. दिसायला बूमस्लँग हा जहाल विषारी साप, पण गुदद्वारावरचं खवलं बूमस्लँगसारखं दुभंगलेलं नव्हतं, म्हणून ते विचारात पडले. हाताळताना साप अंगठ्याला चावला. विष कसं भिनतं आहे याच्या नोंदी ते लिहीत राहिले आणि दुसऱ्या दिवशी गेले. साप बूमस्लँगच होता. ओळख पटवण्याच्या कामाला टेबलावरचं कारकुनी काम समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

भारतात या कामाचा पाया जुना आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची, भारतीय प्राणी सर्वेक्षण १९१६ चं. त्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी जात शोधणाऱ्याने तिचा नमुना नेमून दिलेल्या भांडारात जमा करायलाच हवा. १९९९ साली केंद्राने वर्गीकरणासाठी अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू केला. कायदा आहे, संस्था आहेत. कमतरता आहे ती कायम नोकरीतल्या माणसांची. प्रकल्पाला मुदत असते. तीन वर्षांत शिकलेला मुलगा चौथ्या वर्षी बँकेच्या परीक्षेला बसतो, आणि त्याला दोष देता येत नाही. सह्याद्रीतल्या पालींच्या नव्या जाती गेल्या काही वर्षांत एकामागून एक उजेडात आल्या, त्यामागे वरद गिरी, अक्षय खांडेकर यांच्यासारख्या अभ्यासकांची चिकाटी आहे. पण चिकाटीवर धोरण चालत नाही. पालींच्या मानाने सापसुरळ्यांकडे वळलेले अभ्यासक अजून थोडेच आहेत.

महाविद्यालयांचं तर बघवत नाही. एका जुन्या महाविद्यालयातलं प्राणिशास्त्राचं कपाट मी बघितलं आहे. काचेला आतून पिवळी पुटं, बरण्यांची मेणबंद झाकणं तडकलेली, द्रव अर्ध्यावर आलेला आणि त्यातून वर आलेलं सापसुरळीचं डोकं वाळून काळं पडलेलं. लेबलावर कुणीतरी सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, पण शाई उतरून फक्त तालुक्याचं नाव उरलं होतं. तो नमुना ज्या माळावरचा असेल त्या माळावर आज वसाहत असू शकते. तिथे पूर्वी काय राहत होतं याचा तो एकमेव पुरावा असू शकतो. स्पिरिट बदलायला लागणारी रक्कम स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून कमी आहे. राज्यातल्या अशा सगळ्या जुन्या संग्रहांची एकदा मोजदाद करून, वाचण्यासारखे नमुने पुण्याच्या किंवा मुंबईच्या मोठ्या संग्रहात हलवण्याचं काम विद्यापीठांनी अंगावर घेतलं पाहिजे.

प्राणी मारून बरणीत भरण्याला माझ्या ओळखीतल्या अनेक निसर्गप्रेमींचा मनापासून विरोध आहे. त्यांची कळकळ खरी आहे आणि फोटोंनी फार मोठं काम केलं आहे, हेही खरं. कुठली सापसुरळी कुठल्या तालुक्यात दिसते हे आज हौशी छायाचित्रकारांमुळे कळतं. पण चौथ्या बोटाच्या तळाच्या पट्ट्या फोटोत येत नाहीत. मोजके नमुने, परवानगीने, कमीत कमी त्रासात आणि पूर्ण नोंदींसह घेतले तर त्यातून त्या जातीच्या हजारो प्राण्यांना संरक्षण मिळू शकतं. ज्या खडीच्या खाणीने, ज्या वणव्याने एका दिवसात सगळी टेकडी साफ होते, तिथे कुणी मृतांची मोजणी करत नाही. परवानगी देणाऱ्या वनखात्याने अर्जावर ठरावीक मुदतीत हो किंवा नाही कळवावं, नाही असेल तर कारण लिहावं, एवढी तरी शिस्त असावी. पावसाळ्यासाठी केलेल्या अर्जाचं उत्तर उन्हाळ्यात आलं की संशोधकाचं एक वर्ष गेलेलं असतं.

आणि परदेशांत असलेल्या मूळ नमुन्यांचा प्रश्न केंद्र सरकारने हाती घ्यायचा आहे. भारतातल्या कितीतरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे मूळ नमुने लंडनला आहेत, काही शिकागोत आहेत. ते परत मागण्याचा वाद जुना आहे आणि त्यात पुढची पन्नास वर्षं जातील. त्याआधी मागता येईल अशी गोष्ट म्हणजे प्रत्येक भारतीय मूळ नमुन्याची सर्व बाजूंनी स्पष्ट छायाचित्रं, एक्स-रे आणि त्रिमितीय स्कॅन, कुणालाही विनामूल्य बघता येतील असे. नागपूरच्या किंवा अमरावतीच्या विद्यार्थ्याला विमानाचं तिकीट काढल्याशिवाय आलापल्लीची सापसुरळी तपासता आली पाहिजे. इतर देशांशी विज्ञान-सहकार्याचे करार होतात तेव्हा त्यांत हे एक कलम घालायला वेगळा खर्च नाही.

महाराष्ट्राने सुरुवात आलापल्लीपासूनच करावी. मूळ नमुना जिथून गेला त्याच जंगलात, पावसाळ्याच्या तोंडावर, वनखात्याची माणसं आणि तिथल्या माडिया-गोंड गावांतली जाणकार मंडळी बरोबर घेऊन सापसुरळ्यांची पाहणी व्हावी. ती मंडळी पायाखालचा पाचोळा आपल्यापेक्षा चांगला ओळखतात, आणि त्यांचं नाव नोंदीत संग्राहक म्हणून लिहिलं जावं. थोडे नमुने, प्रत्येकाच्या यकृताचा तुकडा डीएनएसाठी वेगळा, जिवंतपणीच्या रंगाचा फोटो, उपग्रहावरून घेतलेलं नेमकं स्थान. ते आकुर्डीच्या केंद्रात जमा व्हावेत आणि शिकागोतल्या श्मिट यांच्या नमुन्याशी खवलानुखवला ताडून बघितले जावेत. या कामासाठी तीन-चार माणसांचा पगार, एक चांगला सूक्ष्मदर्शक, स्पिरिट आणि काचेच्या बरण्या लागतील. जिल्हा नियोजनाच्या निधीत बसेल एवढाच हा खर्च आहे, आणि पुढच्या आर्थिक वर्षाच्या आराखड्यात तो घालता येईल.